कर्ज सापडलं, कर्जत सुटलं: स्पॅमच्या शब्दयादीची प्रगती

लागला एकदाचा! स्पॅमअसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्राममधला माझा 'लोकल_कर्ज' हा नियम अखेर चालला, तोही कर्जतच्या ट्रेकची मेल शाबूत ठेवून. मागची नोंद वाचलेल्यांना भानगड आठवत असेल. 'कर्ज' या शब्दाला 2.5 गुण दिले, की 'रविवारी कर्जत स्टेशनला भेटा' असं सांगणारी मेलही इतर किरकोळ गुण मिळून 5 चा उंबरठा ओलांडायची आणि स्पॅम ठरायची. म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बीची सीमा ('शब्द इथेच सुरू होतो किंवा संपतो' असं सांगणारी खूण) घातली. त्यानंतर कर्जत सुटलं, पण कर्जवालेही झाडून सगळे सुटले.

डोकं फिरलं ते यामुळे, की कमांड लाइनवर सगळं जागच्या जागी दिसत होतं. ग्रेप या शोधायच्या कमांडने सीएफ फायलींमधल्या (नियम याच फायलींत असतात) 'बॉडी'ने सुरू होणाऱ्या ओळी, म्हणजे मेलचा मजकूर तपासणारे नियम, काढल्या, तर नियम हजर. नियमांतल्या चुका शोधणारं लिंट चालवलं, हूं नाही की चूं नाही. स्पॅमडी (स्पॅमअसॅसिनचा पार्श्वभूमीत सतत चालणारा भाग) रीलोड केला. युजर-प्रेफ्समध्येही (वापरणाऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगची फाइल) डोकावलो. (तिथले नियम हाताने चालवलेलं स्पॅमअसॅसिन वाचतं, स्पॅमडी मात्र 'अलाउ युजर रुल्स' चालू केल्याशिवाय वाचत नाही. नव्या मंडळींनी हे भिंतीवर लिहून ठेवा.) मग झिरो-विड्थ जॉइनरचा, म्हणजे शब्दात लपलेल्या न दिसणाऱ्या चिन्हाचा, संशय आला. 'कर्ज' या शब्दाचा हेक्सडम्प काढला, म्हणजे त्याचे बाइट एकेक करून पाहिले: 4 कोडपॉइंट, 12 बाइट, आगंतुक कोणी नाही.

उलगडा डीबगमध्ये झाला. जंकमधली एक मेल 'रुल्स'चा डीबग लावून टेस्ट मोडमध्ये सोडली आणि 'गॉट हिट'च्या ओळी गाळून घेतल्या. रोमन लिपीतल्या 'लोन'चा नियम सीमेसकट लागला होता, शेजारच्या 'कर्ज'चा नाही. स्पॅमअसॅसिन नियमांपुढे मजकूर ठेवतं तो यूटीएफ-8 बाइटांच्या रूपात, त्यात देवनागरीचं एकेक अक्षर 3 बाइटांचं. रेगेक्सच्या (नियमातला शब्द ज्या नमुन्याच्या भाषेत लिहितात तिच्या) लेखी शब्दातलं अक्षर म्हणजे रोमन अक्षर, आकडा नाहीतर अंडरस्कोर. देवनागरीचे बाइट त्यात बसत नाहीत आणि स्पेसही बसत नाही. सीमा पडायला एका बाजूला अक्षर लागतं. इथे दोन्हीकडे नन्नाच, मग सीमा पडणार कुठून? 'यातलं कुठलंही एक' असं सांगणाऱ्या चौकटी कंसाचंही तेच. त्यात देवनागरी अक्षर टाकलंत तर त्याचे 3 बाइट सुटे धरले जातात, तेव्हा उभी रेघ वापरून पर्याय लिहा.

तसंही मराठीत शब्दाच्या शेवटी सीमा मागून उपयोग नाही. कर्जाला, कर्जासाठी, कर्जदारांना, सगळे निसटणार. म्हणून सीमा उडवली आणि 'पुढे त नको' असा निगेटिव्ह लुकअहेड लावला. तेवढ्यात 'कर्जतारण' असं जोडून लिहिणारे महाभाग आठवले, म्हणून त्यात आणखी एक: त नको, पण त्याला काना असेल तर चालेल. कोणी 'कर्जतात भेटू' लिहिलं तर बघू.

यादी बघायला ऑक या मजकूर चाळणाऱ्या कमांडचा छोटा एलियास (कमांडचं टोपणनाव) केलाय. टर्मिनलवर 'शब्द' टाइप केलं की नियमाचं नाव, शब्द आणि गुण एका ओळीत. फार समाधान देतो. वेब पॅनेलमधल्या फिल्टरच्या पानावर माझा भरवसा कधीच नव्हता, कारण पॅनेलने स्वतः लिहिलेल्या नियमांपलीकडे त्याला काही दिसत नाही. बेझने (जुन्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणारा स्पॅमअसॅसिनचा भाग) शिकलेले शब्द मात्र असे बघता येत नाहीत. त्याला शिकवणाऱ्या एसए-लर्न कमांडने डेटा डम्प काढलात तर हॅश केलेले, म्हणजे मूळ शब्द न कळणारे, टोकन हाती येतात. ते वाचायचे तर एकेक मेल घेऊन बेझचा डीबग लावायचा.

पुढचा बेत जुन्या वहीतली सगळी यादी चढवायचा होता. आता हे लिहितानाच वाटतंय, की एकट्या शब्दाला 2.5 गुण देणंच जास्त होतं. 'कर्ज', 'विनातारण', 'झटपट', 'सिबिल' यांचे नावाआधी दोन अंडरस्कोर असलेले बिनगुणी उपनियम करायचे आणि त्यातले दोन एकत्र आले तरच मेटा नियमाने (इतर नियमांचे निकाल जोडणाऱ्या नियमाने) 3 गुण द्यायचे. म्हणजे कर्जतचा प्रश्नही निम्मा सुटतो. फक्त माझा 'शब्द' एलियास स्कोअरच्या ओळीवरून चालतो, त्याला हे उपनियम दिसणारच नाहीत. तेव्हा आधी एलियास बॉडीच्या ओळींवर आणतो, वही नंतर.