लोरेटा लिनचं खरं घर बघायचं असेल तर

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या हरिकेन मिल्सला लाकडाचं जे घर दाखवतात, ते कंट्री संगीताची गायिका लोरेटा लिन हिचं जन्मघर नाही. हुबेहूब नक्कल आहे. "घर बघून आलो" असं आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे हेच बघून आले होते!

खरं घर तिथून सहा तासांहून जास्त दूर आहे. पूर्व केंटकीत, व्हॅन लिअर या जुन्या खाणगावाला लागून असलेल्या बुचर हॉलोत. वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं. तो तास धरला नाहीत, तर पोहोचेपर्यंत काळोख होईल, आणि काळोखात या रस्त्याला अजिबात लागू नका.

पेंट्सव्हिलपर्यंत सगळं मजेत. तिथून जाणाऱ्या २३ नंबरच्या महामार्गाला 'कंट्री म्युझिक हायवे' नाव दिलंय, गाडी नुसती पळते. छळ सुरू होतो व्हॅन लिअर सुटल्यावर. दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ, एका गाडीपुरता रस्ता, कडेला भरवसा नाही. समोरून पिकअप आला की मागे तुम्हीच जायचं, तो जात नाही. वळणावळणावर हॉर्न द्या. आमची मोबाइलची रेंज ऐन मोक्याला गेली, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर दुसऱ्या दिवशी जा. आम्ही चिखलातून गेलो, आणि गाडी परत करताना भाडेवाल्याने धुण्याचे वेगळे पैसे लावले. गाडी ताब्यात घेताना आणि देताना फोटो काढा, भांडायला उपयोगी पडतात.

रस्त्यावरून घरापर्यंत थोडा चढ आहे. खाणकामगार टेड वेब यांची आठ मुलं या एवढ्याशा जागेत वाढली. १९३२ साली जन्मलेली लोरेटा त्यांतली दुसरी. पंधराव्या वर्षी लग्न, मग थेट वॉशिंग्टन राज्य. तिथे नवऱ्याने १७ डॉलरची गिटार आणून दिली. १९६० साली पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा दोघं गाडीतच झोपत रेडिओ स्टेशनं पालथी घालत फिरले. त्या घळीतून बाहेर पडताना माझे हात थरथरत होते, त्यामुळे हा तपशील मला जरा जास्तच भिडला असेल. १९७२ साली कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' मिळवणारी ती पहिली बाई. २००४ मध्ये रॉक संगीतकार जॅक व्हाइटबरोबर केलेल्या अल्बमच्या नावात तिने व्हॅन लिअरच घातलं: 'व्हॅन लिअर रोझ'. २०२१ मध्ये, ८८व्या वर्षीही नवा अल्बम! २०२२ मध्ये ती गेली, हरिकेन मिल्सला.

एकच ठिकाण जमणार असेल तर बुचर हॉलो. हरिकेन मिल्सचं संग्रहालय मोठं आहे, कपडे-पुरस्कार भरपूर आहेत, पण ते नॅशव्हिलहून सहज उरकता येतं. मुक्काम पेंट्सव्हिललाच करा, टाकी तिथेच भरा, सुटे डॉलर जवळ ठेवा. आणि घर त्या दिवशी उघडं आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचाराच.