'चेंजेस ॲज डिस्कस्ड'

घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत होते तेव्हाच सपोर्टचा मेसेज आला: पेमेंट जमा व्हायच्या आधीच रिफंड निघालाय. चकाल्याला उतरेपर्यंत अशा ४० ऑर्डर झाल्या होत्या. आणि उद्योग माझाच.

आमच्या सिस्टिममधले प्रोग्रॅम एकमेकांना मेसेज पाठवतात ते काफ्का या सॉफ्टवेअरमधून. त्यात टॉपिक म्हणजे एका प्रकारच्या मेसेजचा प्रवाह, आणि पार्टिशन म्हणजे त्या प्रवाहाच्या समांतर रांगा. आदल्या संध्याकाळी मी एका टॉपिकची पार्टिशन १ वरून ६ केली होती. मेसेज तुंबत होते, एकटा कन्झ्युमर (मेसेज वाचणारा प्रोग्रॅम) रडतखडत चालला होता. एवढ्या सिस्टिमला एकच पार्टिशन? कुणाचा तरी आळस, असं मी टीमच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये बोलूनही दाखवलं होतं.

काफ्का क्रम पाळतो तो एका पार्टिशनपुरता. आमच्या मेसेजना 'की' नव्हती, म्हणजे एका ऑर्डरचे सगळे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये नेणारी खूण. त्यामुळे पेमेंट एका पार्टिशनमध्ये, त्याचाच रिफंड दुसऱ्यात. जो आधी वाचला गेला तो पुढे. बरं, पार्टिशन वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. शेवटी एका पार्टिशनचा नवा टॉपिक काढून सगळ्यांना तिकडे वळवलं. तीन वाजले. डबा तसाच.

कोडची कुठली ओळ कुणी, कधी बदलली ते गिट ब्लेम दाखवतं. त्यात एका पार्टिशनच्या ओळीवर २०१९ चा कमिट (बदल). त्यासोबतचा मेसेज: 'चेंजेस ॲज डिस्कस्ड'. कुणाशी?

लिहिणारा आमचा जुना लीड, कधीच सोडून गेलेला. फोन लावला. "अगं, ते मुद्दाम होतं! की घालायची तर तीन टीमना कोड बदलावा लागत होता, आणि रिलीज दिवाळीच्या तोंडावर. म्हटलं, वर्षभर एकावर निभेल. व्हाइटबोर्डवर सगळं मांडलं होतं की." व्हाइटबोर्डवर! ते ऑफिसच आम्ही सोडलं.

सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्डनं २०११ मध्ये असे निर्णय नोंदवायचा साधा साचा सुचवला होता: शीर्षक, संदर्भ, निर्णय, स्थिती, परिणाम. पान-दोन पानं, कोडशेजारीच ठेवायची; निर्णय फिरला तरी जुनी नोंद पुसायची नाही. हे मला माहीत होतं, हेच जास्त लागलं.

संध्याकाळी नोंद १ लिहिली: जुना, एका पार्टिशनचा निर्णय. संदर्भात दिवाळीही घातली. मॅनेजर म्हणाले, "हे कशाला?" मी काढली नाही; खरं कारण तेच होतं. नोंद २ माझी: ऑर्डर नंबर हीच 'की', सहा पार्टिशन. परिणामांत लिहिलं की पुढे पार्टिशन वाढवली तर कीची वाटणी बदलेल आणि क्रम पुन्हा बिघडू शकेल. चारही टीमचे बदल उतरले की नोंद १ ची स्थिती बदलायची: 'रद्द, २ पाहा'.

चार, कारण निघताना जुन्या लीडला नोंद १ फोनवर वाचून दाखवली. "तीन नाही गं," तो म्हणाला, "चार टीम होत्या."