मोरांदीच्या बाटल्या

धूळ दिसली की आपला हात आपसूक फडक्याकडे जातो. इटलीतल्या बोलोन्या शहरात, व्हिया फोंदात्सा या रस्त्यावरच्या ३६ नंबरच्या घरात मात्र थोरल्या भावाच्या खोलीतली धूळ पुसायची नाही, असा दंडक होता. घरात आना, दिना आणि मारिया तेरेसा या तीन अविवाहित बहिणी, आणि भाऊ, चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०-१९६४), तोही बिनलग्नाचाच. त्याची झोपायची खोली हाच त्याचा स्टुडिओ.

धूळ त्याला कामाची होती. चित्रासाठी मांडलेल्या बाटल्यांच्या काचेवर ती चढली की चमक मरते, उजेड उसळी न मारता बाटलीच्या अंगात मुरतो. तेवढ्यानेही भागायचं नाही, तेव्हा तो लेबलं काढून टाकायचा, काही बाटल्यांना चक्क रंग फासायचा. मग बाटली दारूची की तेलाची हे कळायला मार्ग नाही. उरतो फक्त एक उंच, फिकट आकार.

याच बाटल्या, सुरया, फुलदाण्या, पत्र्याचे डबे तो आयुष्यभर रंगवत राहिला. हजारावर तैलचित्रं, बहुतेक याच वस्तूंची! सगळी सारखीच की, असं मलाही आधी वाटायचं. मग एका चित्रापाशी जरा रेंगाळलो. पुढच्या डब्याची कड आणि मागच्या बाटलीचा खांदा त्याने नेमके एका रेषेत आणलेत. चित्रकलेच्या वर्गात हे करू नको म्हणून बजावतात, कारण पुढचं-मागचं कळेनासं होतं. मोरांदी ते मुद्दाम करतो. दोन बाटल्यांमधली बोटभर फट तर बाटल्यांइतकीच घट्ट रंगवतो. कधी वाटतं, फटच पुढे आहे आणि बाटल्या मागे सरकल्यात. मांडणी पक्की व्हायला दिवस जायचे. टेबलावर कागद पसरून तो वस्तूंच्या बुडाभोवती पेन्सिलीने खुणा करून ठेवायचा. इंचभर सरकली बाटली, की चित्र दुसरं.

त्याची एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून कागदावर छापलेली चित्रं, मला तैलचित्रांहून अंमळ जास्तच आवडतात. बाह्यरेषा जवळपास नाहीतच. आडव्या-तिरप्या बारीक रेघांची जाळी कुठे दाट, कुठे विरळ, आणि त्यातूनच सुरईचं पोट फुगतं. १९३० ते १९५६ बोलोन्याच्या कला अकादमीत तो हेच शिकवत होता. त्याआधी बरीच वर्षं प्राथमिक शाळांमध्ये ड्रॉइंग मास्तर.

त्याला संन्यासी ठरवायची लोकांना भारी हौस. मला ते पटत नाही. पगारी नोकरी होती, समीक्षकांशी ओळखी होत्या, उन्हाळ्यात ग्रित्सानाच्या डोंगराळ गावी मुक्काम असायचा (गावाने आता त्याचं नावही स्वतःला जोडून घेतलंय). १९४३ मध्ये फॅसिझमविरोधी मित्रांपायी काही दिवस तुरुंगवासही घडला. १९५७ साली ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) चित्रकलेचं मोठं बक्षीस मिळालं. परदेशी फारसा गेला नाही, हे खरं. ज्या फ्रेंच चित्रकार सेझाँला तो मानायचा, तोसुद्धा तरुणपणी त्याने पहिल्यांदा पाहिला तो काळ्या-पांढऱ्या छापील चित्रांमधून. मीही मोरांदी पुस्तकांतूनच पाहिलाय, तेव्हा त्याबद्दल मी कोण बोलणार!

पण संन्याशाला वेळेवर ताट वाढायला तीन बहिणी नसतात. त्याच्या एकांताचं कौतुक करताना घराचा रगाडा कोण ओढत होतं, हे लिहायचं राहूनच जातं. धाकटी मारिया तेरेसा भावामागे तीस वर्षं जगली. १९९३ साली बोलोन्यात मोरांदी संग्रहालय उघडलं, ते मुख्यतः तिने शहराला दिलेल्या चित्रांच्या जोरावर.