आधी हळकुंड मोडा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा खरेदीदार हळकुंड मोडतो, गाभ्याचा रंग बघतो, मग भाव बोलतो. नुसत्या ‘राजापुरी’ या नावावर कुणी पैसे मोजत नाही. बिअरसाठी हॉप्स निवडताना मात्र भलेभले नावावर जातात. सिट्रा या हॉप्सच्या वाणाचं नाव काढलं की डोळे चमकतात!

हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं. पाकळ्यांच्या बुडाशी चिकट पिवळी पूड असते, ल्युपुलिन. रंगानं थेट हळदच. वेलीला फुलायला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस मानवतो. सांगलीत जूनमध्येही तो तेराच्या आसपास अडतो. त्यामुळे आपल्याकडे येतात त्या हॉप्स दाबून केलेल्या पाकीटबंद गोळ्या. पाकिटावर नावाआधी अल्फा आम्लाचा टक्का वाचावा आणि काढणीचं साल.

टक्का का, तर कडूपणा त्यातून येतो. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, काढ्यात तासभर उकळल्यावर अल्फाचा साधारण चौथा हिस्साच उतरतो. 20 लिटरला 30 आयबीयू (बिअरच्या कडूपणाचं एकक) हवे असतील तर 6 टक्क्यांचं कॅस्केड हे वाण 40 ग्रॅम लागतं, 12 टक्क्यांचं मॅग्नम 20. कडूपणासाठी मॅग्नमच बरं: पालापाचोळा निम्मा आणि चव स्वच्छ. तिथं सिट्रा घालणं म्हणजे फोडणीत कोथिंबीर जाळणं. सगळा वास वाफेबरोबर जातो. सिट्रा आच बंद केल्यावर घालावं, काढा 80 अंशांवर आला की, वीसेक मिनिटं. साझ या चेक वाणाचा टक्का जेमतेम 3-4, म्हणजे माप कॅस्केडच्या जवळजवळ दुप्पट. पण पिल्सनर या फिकट सोनेरी बिअरला दुसरं काही शोभत नाही.

आता हळकुंड मोडायचं. दोन गोळ्या तळहातावर चुरून जोरात चोळायच्या आणि ऊब आली की हुंगायच्या. कॅस्केडला पपनसाच्या सालीचा वास हवा, साझला सुकल्या गवताचा नि किंचित मिरीचा. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा आला, तर माल हवा लागून उतरलाय. अल्फाही घटलेला असणार, मग पाकिटावरचा आकडा धरून केलेलं गणित फसतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये फोडलेलं पाकीट फडताळात ठेवणं हा त्याचा हमखास मार्ग. उरलेलं हवा काढून बंद करावं आणि थेट फ्रीझरमध्ये टाकावं.

हुंगून झालं की बोटं चिकटतात. ती राळ नुसत्या पाण्यानं जात नाही, खोबरेल लावून पुसावी. तशाच हातानं भाकरी मोडली तर पहिला घास कडू.