प्रदर्शनात गारपीट का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. "नाशिकचं प्रदर्शन, आणि गारपिटीचा एक फोटो नाही?" शाळांत, द्राक्ष मेळाव्यात, परवा तर भाच्याच्या लग्नातसुद्धा. हवामानबदलाच्या फिरत्या प्रदर्शनाचे फलक मी लिहितो, त्यामुळे ऐकून घेणं आलंच.

हवाईतल्या मौना लोआ या डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दशलक्ष भागांत ३१५च्या आसपास होता, आता ४२०च्या वर आहे. तो आलेख आम्ही लावतो. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून अतिवृष्टीचा फलकही बिनधास्त लावतो. गारांचं तसं नाही. गार या शिवारात पडते, पलीकडच्यात नाही. जुन्या नोंदी तुटक. त्या वाढल्या असं छातीठोक कसं लिहू?

निफाड तालुक्यातल्या एका शाळेत एक काका आले होते. २०१४च्या मार्चमधला फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला: तारांवर नुसत्या काड्या, खाली घडांचा चिखल. व्यापाऱ्याशी सौदा झालेला, खुडा चार दिवसांवर. "हा लावा." मी वरचं सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये बोलले नाहीत, आणि तेच मला जड गेलं. मग म्हणाले, "म्हणजे आमचं नुकसान तुमच्या शास्त्रात बसत नाही." मी 'तसं नाही' म्हणेपर्यंत त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "या डोंगरावर तुम्ही गेलाय?" नव्हतो गेलो. "माझ्या बागेत मी होतो."

शास्त्र माझ्याच बाजूने आहे, हे आजही म्हणेन. फोटो लावला आणि पुढची दोन वर्षं गार पडलीच नाही, तर? थंडीत निफाडचा पारा पाचच्या खाली गेला की "कुठंय तुमची तापमानवाढ?" असे फोन येतातच.

गंमत म्हणजे सुरुवातीला 'जवळचं दाखवा, नाहीतर लोक थांबणार नाहीत' असं बैठकीत मीच म्हणायचो. गोदावरीच्या पुरात काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, हे अख्खं शहर वाचतं, हे माझं लाडकं उदाहरण. आता त्या पाण्यात गंगापूर धरणाचा विसर्ग किती, हे आधी विचारतो. तेव्हाचा मी आज भेटला तर म्हणेल, विचार, पण तुझ्या आलेखापाशी थांबतंय कोण? यावर बोलायला माझ्याकडे फार काही नाही.

सध्या अतिवृष्टीच्या फलकाखाली एक ओळ आहे: 'गारपीट वाढली का? नोंदी अपुऱ्या आहेत.' लोक चिडतात म्हणून ती काढा, असं सहकारी म्हणतात. मी काढू देणार नाही. शेजारी तो फोटोही लावा, असं कोणी म्हणालं, तर मात्र या वेळी किती ताणून धरेन, खरंच सांगता येत नाही.