गोळी तीच होती

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी मृग जवळ आला की उपकेंद्रातली नवीन सिस्टर फोन करतेच. "बाई, तुमच्या त्या वाडीत लोक लेप्टोची गोळी मुकाट घेतात. बाकी ठिकाणी आमच्या तोंडावर हो म्हणतात आणि घेत नाहीत. तुम्ही काय केलं होतंत?"

ती विचारते म्हणून सांगते. पहिल्या वर्षी मी फक्त गोळ्या वाटल्या.

आमच्या सिंधुदुर्गात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, हा लावणीतला आजार. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू कुणग्यातल्या, म्हणजे भातखाचरातल्या, पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतो. थंडी वाजून ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत. उशीर झाला की कावीळ, मग मूत्रपिंडं. पण दिवसभर वाकून लावणी केल्यावर पोटऱ्या कुणाच्या दुखत नाहीत? म्हणून माणूस अंगदुखीची गोळी घेतो आणि दुसऱ्या दिवशी परत चिखलात उतरतो. तिथेच दिवस वाया जातात.

टाळण्यासाठी आम्ही द्यायचो डॉक्सीसायक्लिन, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. गमबूट घाला असंही सांगायचो. एकाने आपले गमबूट माझ्यापुढे आणून ठेवले, "घाला आणि एक कुणगो लावून दाखवा." चिखलात बूट रुतून राहतो आणि पाय तेवढा वर येतो. तो विषय मी परत काढला नाही.

रजिस्टर मात्र माझं चोख होतं. घरागणिक खुणा, सह्या. श्रावणात एका घरी तान्ह्या बाळाला बघायला गेले, तर देवळीत दिव्याशेजारी कागदाच्या पुडीत तीन आठवड्यांच्या गोळ्या! घरची बाई जराही ओशाळली नाही. "नुसत्या चायवर घेतलंय तर पोटात ढवळता. मगे वाकान लावणी कशी करूची?" तिचं खरंच होतं. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते. मी ती वाटायचे सकाळी सातला, माणसं शेतात जायच्या आधी, म्हणजे नेमकी चहावर. माझ्या सोयीची वेळ ती.

तोड काढली वाडीतल्या एका आजीने. लावणीत तिचा शब्द चालायचा; आज कुणाच्या शेतात उतरायचं, उद्या कुणाच्या, हे तीच ठरवायची. दहाच्या सुमारास बांधावर पेज यायची, सोबत लोणचं नाहीतर भाजलेला सुका बांगडा. आजी म्हणाली, "गोळये हय घेवन ये. पेजेवांगडा देवया." पुढच्या सोमवारी मी डबा घेऊन बांधावर. पेज झाली, गोळी झाली, आजीने माणसं मोजली. दहा जणांच्या देखत नको म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

हे ऐकलं की लोक खूश होतात. मी तितकी खूश नव्हते. त्याच बांधावर नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून गोळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली होती. डॉक्सी गरोदर बाईला देत नाहीत, आणि तिने अजून घरातही सांगितलं नव्हतं. सगळ्यांसमोर ती काय बोलणार? मी मोठ्याने म्हटलं, "ज्यांका पित्ताचो त्रास असा त्यांनी आज घेव नका, मागसून माका भेटा." तिच्यासोबत खऱ्या पित्ताचेही तिघे उठले. तेव्हापासून गोळी वाटण्याआधी हे वाक्य ठरलेलंच. गावाचा धाक कामाला येतो, पण त्यातून सटकायला एक पायवाट ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट लक्षात यायला मला आणखी एक पावसाळा लागला. आजी मोजायची ती आपली माणसं. खालच्या वाडीतली माणसं आणि बाहेरून आणलेले मजूर पलीकडच्या बांधावर बसायचे, त्यांची पेज वेगळी. कुणी कुणाला हाकललं नव्हतं, बसण्याची रीतच तशी. पाणी मात्र वरच्या कुणग्यातून खालच्यात उतरायचं, उंदीर कुठल्याही बांधावरून जायचे. आणि माझ्या रजिस्टरात खालची वाडीही पूर्ण होती बरं का! महाडचं चवदार तळं आपल्या कोकणातलंच. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा मुंबईच्या कायदेमंडळातला बोल्यांचा ठराव १९२३ चा, मागोमाग महाडच्या नगरपालिकेचाही झाला. तरी बाबासाहेबांनी तिथली ओंजळ तोंडाला लावली ती २० मार्च १९२७ ला, आणि त्या दिवशी सत्याग्रहींनी मारही खाल्ला. ठरावात आणि ओंजळीत केवढं अंतर पडतं, ते माझ्या रजिस्टराकडे बघून मला कळलं.

२०१६ साली आमच्या दोडामार्गात माकडताप आला, गोचिडीतून येणारा, ज्यात माकडंही मरतात, तेव्हाही हेच. रानात मेलेलं माकड दिसलं की ताबडतोब कळवा, असं आम्ही सांगत फिरायचो. पण माकड आधी दिसतं काजूच्या बागेत राबणाऱ्या मजुराला. त्याच्याशी वर्षभर कुणी बोललंच नसेल, तर तो कळवणार कुणाला?

आजीला मी उपदेश केला नाही. तिच्या वयाला तो शोभलाही नसता. डबा उचलला, "येतस?" एवढंच विचारलं. ती आली नाही. नातीला पाठवलं, पाण्याचा तांब्या घेऊन. पुढच्या सोमवारीही नातच आली. तिसऱ्या सोमवारी आजी स्वतः पलीकडच्या बांधापर्यंत आली, उभ्यानेच माणसं मोजली आणि एक कमी भरला म्हणून तिथल्या मुकादमाला झापलं.

पेज अजून दोन बांधांवरच खातात. यंदा मृगाच्या आधी नव्या सिस्टरला मी दोन्ही बांध दाखवून आणले. मधली वाट निसरडी आहे, चप्पल हातात घे म्हटलं.