आमची वाटचाल : १९० लिटरच्या फ्रिजपासून

आमच्या व्यवसायाची वाढ रुपयांत सांगण्यापेक्षा फ्रिजच्या लिटरमध्ये सांगणे मला अधिक खरे वाटते. २०१५ साली नागपुरातल्या आमच्या राहत्या घरी कुकीज करायला सुरुवात केली, तेव्हा हाताशी एक ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन, आणि संसारातलाच १९० लिटरचा, एका दाराचा फ्रिज होता. पुढे ओव्हन बदलला, हाताखाली दोन ताई आल्या, खोली वेगळी झाली. पण मागे वळून पाहिले तर दर वेळी आमचे काम अडले ते ओव्हनपाशी नव्हे, तर कुकीच्या कच्च्या पिठाचा गोळा थंड ठेवायची नीट सोय नव्हती म्हणून.

सुरुवात डिसेंबरात झाली. नागपूरच्या थंडीत बटर ओट्यावर ठेवले तरी घट्टच राहते, त्यामुळे बटर आणि साखर फेसायची, मैदा मिसळायचा, गोळे वळून सरळ ट्रेमध्ये ठेवायचे, एवढीच आमची पद्धत होती आणि कुकीज उत्तम होत होत्या. मे महिन्यात एका मुंजीसाठी १२ डझनांची ऑर्डर आली. बाहेर ४५ अंश, स्वयंपाकघरात ओटीजी तापलेला, आणि हवा येते म्हणून दाराशी कूलर लावलेला. कूलरच्या दमट हवेने पिठीसाखर आणि मैदा आधीच ओलसर झालेले होते. पहिला ट्रे बाहेर काढला तेव्हा वेगवेगळे बारा गोळे राहिलेच नव्हते. सगळे वितळून एकमेकांत मिसळले होते आणि ट्रेभर कडा जळालेली, मध्ये कच्ची अशी एकच पोळी झाली होती. त्या रात्री आणखी चार ट्रे वाया गेले. ऑर्डर दुसऱ्या दिवशी आम्ही ओळखीच्या बेकरीतून विकत आणून पुरी केली आणि पैसे घेतले नाहीत.

कारण समजायला वेळ लागला, कारण आम्ही प्रमाणात चूक शोधत होतो. बटर साधारण विशीच्या पुढे मऊ पडू लागते आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. आमच्या स्वयंपाकघरात ते ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच अर्धे वितळलेले होते. गोळा थंड असेल तर ओव्हनच्या उष्णतेत बटर उशिरा सुटते. तोवर कडेचे पीठ धरू लागते आणि कुकीला उंची राहते. त्या उन्हाळ्यापासून आम्ही गोळा रात्री करून सकाळी भाजू लागलो, आणि तेव्हा दुसरी गोष्ट आपोआप कळली. रात्रभर ठेवलेल्या गोळ्याची कुकी केवळ आकारालाच नव्हे, तर चवीलाही वेगळी लागते. पिठाला ओलावा सावकाश शोषून घ्यायला वेळ मिळतो, साखर अधिक विरघळते, आणि भाजताना रंग जास्त खमंग येतो. नाचणीच्या कुकीत तर हा फरक लपतच नाही. लगेच भाजली तर दाताखाली कचकच लागते, एक रात्र थांबले की ती जाते. हिवाळ्याच्या तोंडावर येणारी, आंबिया बहराची संत्री बाजारात आली की आम्ही त्यांची साल किसून साखरेत चोळतो आणि मग बटर फेसतो. त्या गोळ्याला दोन रात्री दिल्याशिवाय मी तो भाजू देत नाही.

घरचा फ्रिज मात्र या कामाला पुरला नाही, आणि तोही जागेमुळे नव्हे. एका नेहमीच्या ग्राहकबाईंनी फोन करून अतिशय सौम्यपणे विचारले, "या वेळच्या कुकीजमध्ये लसूण घातला होता का?" फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ओल्या लसणाची चटणी होती आणि खाली स्टीलच्या पातेल्यावर नुसते ताट झाकून आमचा गोळा होता. बटर कोणताही वास ओढून घेते, हे घरोघरी माहीत असते; आम्हालाही माहीत होते. त्याच आठवड्यात जुना फ्रिज विकत घेतला, त्यात कुकीच्या गोळ्याखेरीज काहीही ठेवायचे नाही असा नियम केला, आणि पातेली बंद करून रोल करायला लागलो. गोळ्याचा हातभर लांब रोल वळायचा, बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळायचा, त्यावर क्लिंग फिल्म, आणि चिकटपट्टीवर तारीख. रोलचा मोठा फायदा असा की तो आतपर्यंत लवकर थंड होतो, तर पातेल्यातला दोन किलोंचा गोळा बाहेरून दगड आणि आतून लोण्यासारखा मऊ राहतो. सकाळी सुरीने एकसारख्या चकत्या कापता येतात. कापताना रोल दर दोन चकत्यांनी पाव वळण फिरवावा, नाहीतर खालची बाजू चपटी होते.

खाद्यव्यवसायाची नोंदणी आम्ही सुरुवातीलाच केली होती. तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना साधी नोंदणी पुरत असे. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. साठवणुकीचे नियम मात्र आमचे आम्हीच कडक केले. फ्रिज ४ अंशांवर; अंडे घातलेला गोळा दोन दिवस, बिनअंड्याचा चार दिवस, त्यापुढे नाही. बिनअंड्याचा म्हणून कच्चा खायला हरकत नाही असे अनेकांना वाटते, पण कच्चा मैदाही निर्धोक नसतो. त्यातही आजार देणारे जंतू असू शकतात. त्यामुळे पातेले चाटायला येणाऱ्या शेजारच्या मुलांना आम्ही भाजलेली कुकी देऊन परत पाठवतो. चार दिवसांच्या आतच संपवण्याचे आणखी एक कारण आहे: बेकिंग पावडरचा थोडा जोर ओलाव्यात खर्ची पडतो आणि जुन्या गोळ्याची कुकी ठेंगणी, गच्च होते.

डीप फ्रीझर आला तो दिवाळीच्या गर्दीमुळे. उणे १८ अंशांवर गोळा दोन-तीन महिने चांगला राहतो. आधी गोळे ट्रेवर सुटे मांडून दोन-तीन तास गोठवायचे आणि मगच पिशवीत भरायचे, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. भाजताना ते तसेच गोठलेले ओव्हनमध्ये जातात आणि नेहमीपेक्षा दोनेक मिनिटे अधिक घेतात. चकत्या कापायच्या असतील तर रोल आदल्या रात्री साध्या फ्रिजमध्ये, गुंडाळलेलाच ठेवावा. उघडा काढून ओट्यावर ठेवला तर त्यावर दव धरते आणि पृष्ठभाग चिकट होतो.

फ्रीझरने आम्हाला एकदा मोठा फटकाही दिला. जूनमधल्या वादळानंतर आम्ही चार दिवस गावी होतो. परत आल्यावर सगळे व्यवस्थित गोठलेले दिसले, पण कोपऱ्यातली वाटी पाहिली आणि मनात चर्र झाले. आम्ही एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवत असू. नाणे वर असेल तर सगळे ठीक. ते बर्फाच्या तळाशी गेले होते, म्हणजे मधल्या काळात वीज जाऊन बर्फाचे पूर्ण पाणी झाले होते आणि ते पुन्हा गोठले होते. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता जवळजवळ दोन दिवस थंडी धरतो, पण आमचा अर्धाच भरलेला होता. १४ किलो गोळा टाकून द्यावा लागला. बटरचे भाव मला आजही त्या दिवसावरूनच आठवतात. आता रिकामी जागा पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांनी भरतो.

या सगळ्या शहाणपणाला नानकटाईने मात्र दाद दिली नाही. सासूबाई माहेरी असताना दिवाळीत रवा, बेसन, मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात आणि रांगेत बसून नानकटाई भाजून आणत. तीच कृती आमच्याकडे आहे. मी उत्साहाने तिचाही गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी तो वळता येईना; हातात घेतला की भुगा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही काय कणीक आहे भिजवून ठेवायला?" बटरमध्ये थोडे पाणी असते, तुपात जवळजवळ नसतेच, ते गोठले की पीठ धरून ठेवणारे काही उरत नाही. म्हणून नानकटाई आधी वळायची, वर अंगठ्याने दाबून पिस्ता बसवायचा, आणि उन्हाळ्यात तेवढी वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून भाजायची. डिसेंबरात तेही लागत नाही.

गेली काही वर्षे आम्ही गोठवलेले गोळे पाकिटातून विकतो आणि ग्राहक घरी ताज्या कुकीज भाजतात. आता विक्रीचा बराच भाग त्यांचाच आहे, आणि संत्र्याची पाकिटे सर्वांत आधी संपतात. नानकटाईचे पाकीट काढा असे अनेकांनी सुचवले. ते आम्ही काढलेले नाही. ती अजूनही भाजूनच देतो.